डॅशबोर्डवरचं मुकं बटण

आज आपण जुन्या गाडीतल्या टेपविषयी बोलणार आहोत. "टेपचं काय शिकायचं, ते पोरांचं काम," असं काहीजणी म्हणतील. पण आपल्या सेनगाव तालुक्यात जुनी घेतलेली गाडी आता बऱ्याच घरांपुढं उभी असते, कुठं ती गटाच्या कामालाही येते. हळदीची पोती, पापडाचे डबे घेऊन हिंगोलीच्या बाजाराला तीच जाते. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या आणि १०८ ची गाडी यायला वेळ असला, तर दारात तीच उभी राहते. अशा गाडीत कुणी काय जोडलं, कोणती वायर कुठून ओढली, याचा संबंध गाण्यांशी थोडा आणि सकाळी गाडी सुरू होण्याशी फार आहे. म्हणून हा विषय.

शहरातून वापरून आलेल्या गाडीत पुष्कळदा कंपनीचा किंवा मागाहून बसवलेला कॅसेटचा टेप असतो. त्याच्यावर रेडिओचं बटण असतं, टेपचं असतं आणि एक तिसरं असतं, 'सीडी' किंवा 'सीडी चेंजर' असं लिहिलेलं. ते दाबलं की काहीच होत नाही. लोक समजतात टेप बिघडला आणि तो काढून फेकतात. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. ते बटण एका वेगळ्या पेटीसाठी ठेवलेलं असतं आणि ती पेटी गाडीत कधी बसवलेलीच नसते, नाहीतर विकणाऱ्यानं आधीच काढून घेतलेली असते.

त्या पेटीला चेंजर म्हणतात. कॅसेट १९६३ साली आली, सीडी १९८२ साली. मधली बरीच वर्षं गाड्यांमध्ये कॅसेटचाच टेप होता. सीडी आल्यावर सगळा टेप बदलण्यापेक्षा कंपन्यांनी असं केलं की टेप पुढं तसाच ठेवायचा आणि सीड्यांची पेटी मागं डिक्कीत किंवा सीटखाली बसवायची. पेटीत एक सरकणारा डबा असतो, त्यात सहा, दहा किंवा बारा सीड्या एकावर एक बसतात, उतरंडीत गाडगी बसावीत तशा. पुढून बटण दाबलं की आतली यंत्रणा हवी ती सीडी बाहेर ओढते, फिरवते आणि आवाज वायरीतून पुढच्या टेपकडं पाठवते. टेप तो मोठा करून स्पीकरला देतो. म्हणजे चेंजर स्वतः बोलत नाही, टेपच्या तोंडून बोलतो. एवढं ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

"आता सीडी कोण ऐकतं, मोबाइल आहे की," हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढं येईल, कारण मोबाइल लावायचा असला तरी दार हेच लागतं. आणि सीड्या आपल्या गटांकडं अजून आहेत. सामुदायिक रेडिओच्या केंद्राला १०० वॅटची मर्यादा असते, त्यामुळं तो दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं नीट पोचत नाही. दूरच्या गावांना भाषणं सीडीवर भरून देता येतात. बचत गटांची प्रशिक्षणं, बायांनी स्वतः म्हटलेल्या ओव्या, भजनं, हे कुठं कुठं फक्त सीडीवरच उरलं आहे. बाजाराला जाताना गाडीत बसलेल्या सहाजणींना तो तासभर वेळ असतो. घरी असा वेळ मिळत नाही.

तर पहिलं काम म्हणजे टेपला आवाज आत घ्यायचं दार आहे का ते बघणं. टेप त्याच्या खोबणीतून ओढून मागची बाजू बघावी लागते. मागं एक गोल किंवा चपटं, बऱ्याच पिनांचं सॉकेट दिसतं आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी लाल आणि पांढऱ्या अशा दोन गोल भोकांची जोडी. लाल म्हणजे उजव्या कानाचा आवाज, पांढरा म्हणजे डाव्या. ते असेल तर चेंजर जोडता येतो. नुसतं बटण बघून मात्र चेंजर विकत घेऊ नका, आधी सॉकेट बघा.

इथंच लोक फसतात, म्हणून जरा थांबू. पिना जुळल्या म्हणजे भाषा जुळली असं नाही. पायोनियर, सोनी, केनवूड, अल्पाइन, पॅनासोनिक या प्रत्येक कंपनीनं टेप आणि चेंजरच्या बोलण्याची आपापली भाषा ठेवली होती. सोनीच्या टेपनं "तिसरी सीडी लाव" म्हटलं तर ते पायोनियरच्या चेंजरला कळत नाही. एकाच कंपनीचेही जुने आणि नवे नमुने कधी जुळत नाहीत. जुन्या बाजारात चेंजर घ्यायला जाताना टेपवरचा नमुन्याचा नंबर कागदावर उतरवून न्या, आणि जमलं तर टेपच बरोबर न्या, तिथंच जोडून वाजवून दाखवायला सांगा. दुकानदार म्हणेल, "ताई, लागतो म्हणजे लागतो." लागतो तर वाजव म्हणावं. चेंजरबरोबर त्याची लांब वायर आणि सीड्यांचा सरकता डबा घ्यायचा राहू देऊ नका. डबा हरवलेला चेंजर हा झाकण नसलेल्या कुकरसारखा, असून उपयोग नाही.

टेपच्या मागं असं सॉकेट नसेल, तर काही चेंजर रेडिओच्या वाटेनंही वाजतात. त्यांच्याबरोबर एक छोटी डबी येते. एरियलची वायर टेपमधून काढून त्या डबीत घालायची आणि डबीची वायर टेपमध्ये. ती डबी एक इवलंसं एफएम केंद्रच असते, सीडीचा आवाज ती ठरलेल्या आकड्यावर पाठवते आणि तुमचा रेडिओ तो पकडतो. आवाज थोडा दबलेला येतो, पण भाषणाला पुरेसा. आपल्या भागात एफएमची केंद्रं थोडी, त्यामुळं ८८ ते १०८ मधला मोकळा आकडा सहज सापडतो. परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर १३०५ ला आहे, तिला याचा त्रास नाही. सामुदायिक केंद्रं बरीचशी ९०.४ च्या आसपास असतात, तेवढी जागा मात्र सोडा.

आता बसवणं. चेंजर कुठं बसवायचा, याचा आपल्या रस्त्यांशी संबंध आहे. सीडीवरचा आवाज वाचणारी काच केसाहून बारीक रेषेवर नेम धरून असते. गाडी खड्ड्यात आदळली की नेम चुकतो आणि आवाज तुटतो. म्हणून आत स्प्रिंगवर झुलणारी बैठक असते. नव्या चेंजरला ती प्रवासात हलू नये म्हणून बाहेरून स्क्रू मारलेले असतात. बसवण्याआधी ते काढायचे असतात आणि पुष्कळ ठिकाणी ते तसेच राहतात. मग स्प्रिंग असून नसल्यासारखी. दुसरी गोष्ट, बऱ्याच चेंजरच्या बाजूला एक खूण असते, पेटी आडवी बसवली की उभी हे सांगणारी. त्याप्रमाणं स्प्रिंगचा ताण बदलतो. पेटी आडवी ठेवून खूण उभीवर राहिली तर सेनगावच्या बाहेर पडेपर्यंतच सीडी अडखळायला लागते. हे दोन्ही स्वतः डोळ्यांनी बघा. जागा शक्यतो पत्र्याला घट्ट, चाकाच्या थेट वर नको, आणि हळदीचं पोतं जिथं पडणार तिथं अजिबात नको. हळदीची भुकटी त्या काचेची शत्रू आहे.

आणि आता वायरी, या सगळ्यातला जड भाग.

घरात २३० व्होल्टचा झटका बसतो म्हणून आपण विजेला भितो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, हात लावला तर काही कळत नाही, म्हणून तिच्याशी लोक बेफिकीर वागतात. पण गाडी सुरू करताना हीच बॅटरी शंभराहून जास्त अँपिअर देते. घरातला मिक्सर दोन-तीन अँपिअरवर चालतो, त्यावरून अंदाज करा. एवढी ताकद बारीक वायरीतून एकदम वाहायला लागली तर वायर तव्यासारखी लाल होते आणि तिच्यावरचं प्लास्टिक पेट घेतं. गाडीचं सगळं लोखंड बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेलं असतं. म्हणजे अधिकची वायर सोलवटून कुठंही पत्र्याला टेकली की झालंच.

त्यासाठी फ्यूज. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी आहे, जास्त वीज गेली तर आधी ती तुटावी म्हणून. अधिकची नवी वायर थेट बॅटरीवरून घेतली असेल तर फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात हवा. टेपजवळ लावला तर बॅटरीपासून टेपपर्यंतची सगळी वायर उघडीच राहिली. किती अँपिअरचा, ते चेंजरवर किंवा टेपवर लिहिलेलं असतं, तेवढाच घालायचा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधणं. ते कशावर भुंकतंय ते शोधायला हवं. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना भोकाला रबराची कडी बसवून घ्या. वायरीचे जोड नुसते पीळ देऊन चिकटपट्टी मारलेले नकोत. उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद सुटतो, गाडीच्या हादऱ्यानं पीळ सुटतो. जोड झाळून, वर नळी चढवून घ्यावा.

टेपला वीज देणाऱ्या साधारण दोन वायरी असतात. बाजारात मिळणाऱ्या टेपमध्ये पिवळी बॅटरीतून कायम येते, तिच्यावर घड्याळ आणि केंद्रांचे आकडे लक्षात राहतात. लाल किल्ली फिरवल्यावरच जिवंत होते, टेप सुरू-बंद होतो तो तिच्यावर. काळी म्हणजे पत्र्याला. पण हे रंग टेपचे झाले. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून कामगारानं रंगावर न जाता मीटर किंवा दिवा लावून तपासलं पाहिजे.

लाल वायर पिवळीलाच बांधून टाकायची एक आळशी पद्धत आहे. काम लवकर होतं, किल्लीशिवायही गाणी वाजतात, मालक खूश. पण मग टेप आणि चेंजर रात्रभर जागे राहतात. हिशोब बघा. नीट बसवलेला टेप गाडी बंद असताना समजा २० मिलिअँपिअर खातो. म्हणजे दिवसाला अर्ध्या अँपिअर-तासाच्या आत. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते, आठवडा काही होत नाही. तीच जोडणी चुकून चेंजर किंवा अॅम्प्लिफायर जागा राहिला आणि १ अँपिअर खात बसला, तर ३५ तासांत बॅटरी रिकामी. बॅटरी जुनी असेल तर त्याच्या कितीतरी आधी स्टार्टर नुसता 'टक्' करून गप्प बसतो. शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी पहाटे सुरू होत नाही. ती पहाट बाजाराची असली तर एक खेप बुडाली. दवाखान्याची असली तर काय, ते सांगायला नको.

म्हणून काम झाल्यावर लगेच पैसे देऊन निघू नका. किल्ली काढा, टेपचा दिवा विझतो का बघा. चेंजरला कान लावा, आत घरघर थांबली का बघा. मग कामगाराला बॅटरीचं वजा टोक सोडून मीटर मधे लावून गाडी बंद असताना किती वीज जाते ते मोजायला सांगा. ५० मिलिअँपिअरच्या आत असलं तर ठीक. मीटर मधे असताना कुणी किल्ली फिरवू नये, मीटर जळतो. दारं बंद करून थोडा वेळ थांबून मोजावं, नाहीतर आतल्या दिव्याची वीजच मोजली जाते.

बॅटरी सोडताना नेहमी वजाचं टोक आधी, जोडताना ते शेवटी. कारण सोपं आहे. अधिकचा नट सोडताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. वजा आधीच सुटलेलं असलं तर पाना लागून काही होत नाही. आणि बॅटरी सोडायच्या आधी एक विचारून ठेवा. काही गाड्यांतला कंपनीचा टेप बॅटरी सुटली की कुलूपबंद होतो आणि आकड्यांचा कोड मागतो. चोरीपासून बचाव म्हणून तसं केलेलं असतं. तो कोड गाडीच्या पुस्तकात किंवा एखाद्या चिठ्ठीवर असतो. गाडी विकत घेतानाच तो मागून घेतलेला बरा, नंतर पहिला मालक सापडत नाही.

सगळं जोडल्यावर स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज आला आणि इंजिनाबरोबर तो चढत गेला, तर चेंजरची आवाजाची वायर विजेच्या वायरीला लगटून नेलेली असते, नाहीतर काळी वायर रंगावर किंवा गंजावर बसवलेली असते. आवाजाची वायर गाडीच्या एका बाजूनं आणि विजेची दुसऱ्या बाजूनं न्यायला लावा, आणि काळीच्या जागी पत्रा घासून उघडा करून घ्या. यासाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही.

"ताई, तुम्ही बसा आत, चहा घ्या, आम्ही करतो," असं कुणीही अदबीनं म्हणेल. चहा घ्या, पण गाडीजवळ उभ्या राहून. फ्यूज कुठं लावला, लाल वायर कशावर घेतली, आणि सुटलेले स्क्रू कुठं आहेत, एवढं विचारलं तरी काम करणारा सावध होतो. ते काढलेले स्क्रू पुडीत बांधून गाडीतच ठेवा. चेंजर कधी काढून पाठवायचा झाला तर ते पुन्हा मारावे लागतात.

आता मघाच्या मोबाइलकडं येऊ. चेंजर मिळत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये बसणारी डबी काही नमुन्यांसाठी मिळते. ती टेपला सांगते, "मी चेंजर आहे." टेप फसतो आणि पेनड्राइव्हवरचं किंवा मोबाइलमधलं वाजवायला लागतो. आमच्या मते आज नव्यानं पैसे घालायचे असतील तर हाच रस्ता बरा, आदळआपटीचा त्रास नाही आणि डिक्की मोकळी. चेंजर गाडीबरोबर आयताच आला असेल किंवा स्वस्तात जुळणारा मिळाला, तरच त्याच्या वाटेला जावं. सॉकेटच नसेल तर कॅसेटच्या आकाराचं, वायर असलेलं एक साधन येतं. ते कॅसेटच्या जागी घालायचं, वायर मोबाइलला. कुठली जोडणी नाही, बॅटरीला धोका नाही, कॅसेटचा भाग चालू असला म्हणजे झालं. गाडी महिन्या-दोन महिन्यांत विकायची असेल तर एवढंच करा. आणि चालणारा टेप फेकून नवा बसवायचा सल्ला कुणी दिला तर आधी विचारा की जुना काढल्यावर तो कुणाकडं जाणार.

ज्या चेंजर वापरणार आहेत त्यांनी सीड्या भरून घेताना दुकानात 'ऑडिओ सीडी' असं स्पष्ट सांगावं. संगणकावर नुसत्या फाइली टाकलेली एमपीथ्री सीडी नवं यंत्र वाचतं, तिच्यावर बारा तासांचा मजकूरही मावतो, पण जुन्या चेंजरला ती अक्षरं ओळखता येत नाहीत. ऑडिओ सीडीवर ८० मिनिटं बसतात, म्हणजे दहा-दहा मिनिटांची आठ भाषणं. सहा सीड्यांच्या डब्यात ४८ झाली. पुन्हा पुन्हा पुसून भरता येणाऱ्या सीड्या जुनी यंत्रं पुष्कळदा नाकारतात, एकदाच भरायच्या घ्या.

सीडीवर नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करनं. बॉलपेनानं लिहू नका. लोकांना वाटतं चमकणारी बाजू नाजूक, पण आवाज साठवलेला थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वरून दाबून लिहिलं की तो फाटतो. कागदाचं लेबलही चिकटवू नका, गरम झाल्यावर ते सुटतं आणि चेंजरच्या पोटात गुंडाळून बसतं. पुसायची झाली तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, ताट पुसतो तशी गोल नको. आवाज गोल रेषेत लिहिलेला असतो. आडवा ओरखडा रेषेला एका जागी छेदून जातो, तो यंत्राला भरून काढता येतो. गोल ओरखडा त्या रेषेवरूनच लांबवर धावतो.

लावायचं काय, ते गाडी सुरू व्हायच्या आधी ठरवा, आणि वाटेत बटणं चालवणाऱ्यानं नाही तर शेजारी बसलेलीनं दाबावीत. आवाज एवढाच की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यावा. मार्च लागला की सीड्यांचा डबा रोज काढून घरात न्या. बंद गाडीत दुपारी हात लावता येत नाही इतकं तापतं आणि घरी भरलेल्या सीडीतला रंग उन्हानं उडतो. आईच्या ओव्यांची एकुलती सीडी असेल तर ती गाडीत नेऊच नका, तिची नक्कल काढून न्या. थंडीत पहाटे काचेवर दव धरतं तसं चेंजरच्या आतल्या काचेवरही धरतं. पहिल्यांदा सीडी वाचली नाही तर घाई करू नका, गाडी थोडी गरम होऊ द्या आणि नर्सीला पोचेपर्यंत रेडिओ लावा.